वेझीचं दोन छेद पाच

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील शिक्षणाधिकारी चिरवा साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या गणिताच्या म्हांगो मॅडम, गावचे वडीलधारे, शिक्षक बंधुभगिनींनो आणि खिडक्यांना लोंबकळणाऱ्या पोरांनो,

चार चांगले शब्द बोल, असं मला सांगितलंय. मी काही शिकलेला शिक्षक नव्हे. सरोवरावर होड्यांत राबलो, म्झुझूच्या बाजारात सायकली दुरुस्त केल्या, मग इथं हंगामी शिक्षक म्हणून लागलो. सायकलीच्या साखळीचं एक गमतीचं... असो. साहेबांना लांब जायचंय.

मॅडम दर गुरुवारी आम्हा शिक्षकांना एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसवत. म्हणत, "तुम्ही तोंड मिटा, पोरांना बोलू द्या." आता शिक्षकानं तोंड मिटायचं म्हणजे किती जिवावर येतं, हे मी या सभागृहाला सांगावं?

मागच्या महिन्यात मॅडमच्या तासाला साहेबही येऊन बसले. वर्गातल्या वेझीनं फळ्यावर लिहिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच. मॅडमनी ते तसंच राहू दिलं. साहेब मागून गरजले, "चूक! पुसा ते!"

मॅडम म्हणाल्या, "साहेब, जरा थांबा. पोरं विचार करतायत."

आम्ही सगळे खाली बघत बसलो. तेवढ्यात तिच्या बाकावरची तेम्वा म्हणाली, "अगं वेझी, हे तर अर्ध्याहून कमी झालं! तुझ्याकडे जेवायला नाही येणार बाई. आणखी वाढलंस की ताटातला न्सिमाचा गोळा कमीच होतो!"

वर्ग खदखदला. साहेबांना वाटलं, पोरं आपल्यालाच हसली. ते उठून गेले. इकडे वेझीनं कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या सहा-सहा भागांत दुमडल्या. एकीचे तीन भाग घेतले, दुसरीचे दोन. मग स्वतःच पुसून लिहिलं, पाच छेद सहा. मी डोळ्यांनी पाहिलं.

मॅडमची दूर चितिपाला बदली झाली ती एका तक्रारीवरून. तीत लिहिलंय, 'चूक तशीच राहिली, मुलांना उत्तर सापडलं नाही.' खाली साक्षीदाराची सही आहे. ती माझी. "कायम व्हायचंय ना तुला?" असं मला विचारलं होतं. अध्यक्ष महोदय, खुणा करू नका, संपवतोच.

ते खोटं आहे. उत्तर सापडलं होतं. तसं लिहून, खाली सही करून आणलंय; हा कागद, अध्यक्ष महोदय, सर्वांसमोर आपल्या हातात देतो. साहेब, आता मला ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही बघा.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. ती पहिली सही मात्र, मॅडम, पोटात घालू नका.