ओढ्याकाठची लार्चची रांग

नाही, पण मला एक सांगा, रान बघायला येणाऱ्याला गाडी लावायला जागा कशाला हवी? पायी या ना! पण नाही... लोक येणार म्हणजे गाड्या येणार, गाड्या येणार म्हणजे जागा हवी, जागा हवी म्हणजे झाडं तोडा, आणि कुणाला बोलायची सोय नाही, कारण काय, तर रान आता आपलं झालं ना!

तुम्हाला सांगतो, मी टॉर्मड, जन्मभर ड्रमवोर गावात पत्रं वाटली. ओढ्याकाठची ती लार्चच्या झाडांची रांग माझ्या वडिलांनी लावलेली, जमीनदारसाहेबांच्या हुकमाने, रोजंदारीवर, पावसात पाठ मोडून. थंडी पडायच्या आधी पानं अशी पिवळी व्हायची की आमच्या स्वयंपाकघरात दिवा लावायला नको. वडील शेवटच्या आजारात खाट खिडकीशी ओढून घ्यायला लावायचे, का तर ती रांग दिसावी! झाडं साहेबांची, बघायला मात्र फुकट.

मग साहेबांनी रान विकायला काढलं. कुणी लाकूडवाला घेणार, सगळं भुईसपाट करणार, अशी बातमी आली आणि गाव पेटलं हो! वर्गणीसाठी केक विकले, नाच ठेवले, माझ्या बायकोने, इशबेलने, इतके मोजे विणले की मेंढ्या आमच्या घरावरून जाताना भरभर पाय उचलायला लागल्या, सरकारनेही भर घातली आणि रान गावाचं झालं. बॅगपाइप वाजला. दुकानवाला डोनी रडला, जो आईच्या मातीला रडला नव्हता! मी रांगेपाशी जाऊन वडिलांना सांगितलं, आबा, आता कुणी हात लावत नाही... रान आपलं झालं.

आता रान चालवायचं म्हणजे समिती आली, समिती म्हणजे सभा आली, आणि इथेच घात झाला.

आमच्याकडे सभेत कुणी 'नाही' म्हणत नाही. शोभत नाही ते. उद्या त्याच माणसाकडून अंडी घ्यायची असतात! पटलं नाही तर गप्प बसायचं आणि आपल्या बुटांकडे बघायचं. एकाने बघितलं तर विचार करा, चौघांनी बघितलं तर विषय संपला, चहा आणा. बापजाद्यांपासून असंच चाललंय, कुणाला कधी शिकवावं लागलं नाही.

आणि अध्यक्ष कोण? मिसेस हार्कनेस! दक्षिणेहून आलेल्या, मनाने सोनं, कामाला वाघ, पण बुटांची भाषा कोण शिकवणार त्यांना? "मंडळी, योगासनांसाठी लाकडी झोपडी बांधू या, कुणाची हरकत?" सगळं सभागृह बुटांकडे. "छान! एकमताने मंजूर!" अनवाणी चालायची वाट... बूट. मंजूर! मुलांसाठी लाकडाची अजस्र खार... तुम्हाला सांगतो, त्या दिवशी डोनी इतका वाकला की त्याचं कपाळ गुडघ्याला लागलं. मंजूर! बाहेर आल्यावर आम्ही एकमेकांना म्हणायचो, बाई फारच हट्टी आहे, एवढं ओरडून सांगितलं तरी ऐकत नाही.

मग आली ती सभा. भिंतीवर नकाशा, नकाशावर गाड्यांच्या जागेचा करडा चौकोन, आणि चौकोन कुठे? ओढ्याकाठी. पण बाई वाईट नाहीत हो, त्यांनी सरळ मला विचारलं. चष्मा काढला, आवाज खाली आणला. "टॉर्मड, ही झाडं तुमच्या वडिलांनी लावली होती ना? तुम्ही नको म्हणालात तर आपण जागा बदलू. मनापासून सांगा."

चहाचं भांडंसुद्धा उकळायचं थांबलं. सगळं गाव माझ्याकडे बघतंय. एक शब्द, बस, एक शब्द! तोंड उघडलं की रांग वाचते... आणि मी काय केलं?

मी बुटांकडे बघितलं.

आणि असं बघितलं म्हणून सांगू! जन्मात बघितलं नव्हतं तसं. लेस बघितली, टाच बघितली, हलेचना मी. शेजारी कुणीतरी श्वास रोखला, कारण एवढं कडक कुणी कुणाला बोललं नव्हतं आमच्या गावात. बाईंच्या डोळ्यांत पाणी. "किती मोठं मन आहे तुमचं," म्हणाल्या. मंजूर!

बाहेर डोनीने माझा हात दाबला. म्हणाला, "चांगलं सुनावलंस."

घरी इशबेल. "तोंडाने सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, अगं सगळ्या गावाने ऐकलं! ती म्हणाली, "करवतवाल्याने ऐकलं का?" आणि पाठ फिरवून बटाटे सोलत बसली. नंतर बघितलं तर बटाटे केव्हाच संपले होते, ती नुसती खिडकीतून बघत होती. पुढच्या थंडीआधी त्याच स्वयंपाकघरात आम्ही दुपारीच दिवा लावला.

एका लार्चचा बाक केला समितीने, वर वडिलांचं नाव कोरलं. साहेबांच्या काळात त्यांचं नाव कुठेच नव्हतं, तेवढं झालं. बाक चांगला आहे, खोटं कशाला बोलू. मी रोज जाऊन बसतो. समोर गाड्या, मागे ती भली मोठी खार...

परवा एक पाहुणा आला. गाड्यांची जागा भरलेली, म्हणून थेट बाकाला खेटून गाडी आणली, काच खाली केली आणि विचारतो, "काका, इथे लावली तर तुमची काही हरकत?"

रान आपलं झालं ना! मालकाला विचारणारच. मी बुटांकडे बघितलं.

त्याने लावली.