आतून लावायची कडी

शालूताईंना तुळजापूरच्या निवासी केंद्रात नेलं, तो दिवस मी विसरणार नाही. अपंग माणसांची राहायची सोय लावून देणं हे माझं कामच. शालूताई ईट गावच्या, पंचेचाळिशीच्या. जन्मापासून पाय अधू आणि बोलणं सावकाश. आई वारली, सांभाळणारा धाकटा भाऊ दत्ता स्वतःच आजारपणानं थकत चालला, म्हणून ही धडपड. जवळपास दुसरी जागाही नव्हती.

केंद्राच्या मॅडम सगळं दत्तालाच विचारत होत्या. "चिडतात का? स्वतःच्या हातानं जेवतात का?"

शालूताई म्हणाल्या, "मॅडम, राहायला म्या येणार हाय. मला इचारा की."

मॅडम ओशाळल्या. "बरं, तुम्हाला काही विचारायचंय?"

"खोलीच्या दाराला आतून कडी हाय का?"

"नाही. कुणी पडलं तर आम्हाला आत यायला पाहिजे ना."

"मग म्या न्हाय येत. जल्मभर दार लोटून कुणीबी आत आलंय. कापडं बदलताना सुदीक."

दत्ता घाबरला. "अक्का, असं करू नगं. दुसरीकडं कुठं जायचं?" शालूताई मात्र ढिम्म.

मग मॅडमनी सुताराला फोन लावला. "गरज पडली तर बाहेरूनही उघडेल अशी एक कडी बसवायचीय. आजच या."

तेवढ्यात व्हरांड्यात बसलेल्या, केंद्रातच राहणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई ओरडल्या, "एक कशाला? समद्याच खोल्यांना सांगा की! आमालाबी कधीपास्नं पायजे व्हती."