दातू दाखवा!

...नाही नाही, कुत्र्याला दात असतात हे मला मान्य आहे हो! असतात, असावेत, त्याशिवाय माझ्या नव्या चपलांचं जे झालं ते झालंच नसतं! पण ते दात घासायचे? रोज? आणि तेही आपण? तुम्हाला सांगतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दवाखान्यातल्या बाकावरून खालीच यायचा राहिलो. तोंड त्याचं, आणि धक्का मला!

झालं काय, आमचा हवालदार... कुत्रा हो आमचा! दारावरून कुणी गेलं की पूर्ण चौकशी केल्याशिवाय सोडत नाही, म्हणून हवालदार... तर हा हवालदार एका बाजूनं खायला लागला. लक्षात कुणाच्या आलं? आमच्या हिच्या. "अहो, बघा ना, डावीकडनंच चावतोय. उजवीकडे दुखत असणार बिचाऱ्याला!" वा! आणि मी? मी गेलं वर्षभर त्याच टेबलाशी, तिच्या नाकासमोर बसून नुसता उजवीकडनं चावतोय, कारण डावीकडची दाढ... जाऊ द्या, तो विषय आज नाही. आज विषय कुत्र्याचा.

तर गेलो प्राण्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी, हातात बॅटरी. तिनं हवालदाराचा ओठ अलगद वर केला आणि म्हणाली, "काका, या, बघा." मी कशाला बघू? पण बघितलं. अरे बापरे! दातांवर पिवळा थर, हिरडी सुजून लालबुंद, आणि वास... वासाचं मी बोलतच नाही, तुमची जेवणं व्हायची असतील! "काका, याचे दात कधी घासता?" मी हसलो. मला वाटलं, पोरगी विनोदी आहे. ती हसली नाही. ही हसली नाही. हवालदारसुद्धा हसला नाही!

"अजून वेळ गेलेली नाही," पोरगी म्हणाली, "रोज घासा, महिन्यानं दाखवा. नाहीतर दाढ काढावी लागेल, आणि त्याला भूल द्यावी लागते. या वयात भूल म्हणजे..." आणि थांबली! 'म्हणजे' वर थांबतात का हो कधी? पुढं काहीतरी बोलावं माणसानं! मला कुत्र्यांचं प्रेम-बिम काही नाही हं, आधीच सांगून ठेवतो. पण परत येताना गाडीत त्यानं माझ्या मांडीवर डोकं टेकवलं, आणि खरं सांगतो, मी मांडी हलवलीसुद्धा नाही. ते 'म्हणजे' घरापर्यंत माझ्या कानात.

म्हटलं, घासू! त्यात काय, माझीच पेस्ट लावू थोडी... असं मी निघताना दवाखान्यात नुसतं म्हटलं मात्र, पोरगी किंचाळली! "काका!! माणसांची पेस्ट अजिबात नाही! त्यांना चूळ भरता येत नाही, सगळं गिळतात ते! विषबाधा व्हायची!" अहो, बाहेर एक मांजर बसलं होतं तेही टेबलाखाली गेलं! मग तिनं कुत्र्यांची वेगळी पेस्ट दिली. चव कसली असेल? कोंबडीची! मी उभा जन्म पुदिन्यावर काढला, आणि ह्याला कोंबडी! तोंड त्याचं, आणि धक्का मला!

शिवाय पद्धत सांगितली. एकदम ब्रश कोंबायचा नाही. आधी नुसती पेस्ट बोटावर चाटवायची. मग बोट हिरडीवरून फिरवायचं. मग मऊ ब्रश, तोही बाहेरच्या बाजूनं, बारीक बारीक गोल, आणि मागच्या दाढा विसरायच्या नाहीत. झालं की कौतुक करायचं! मी म्हटलं, नवरदेव आहे का हा?

पेस्ट चाटली त्यानं. बोटसुद्धा चाललं. पण ब्रश दिसला की जबडा बंद! तिजोरी! ही ओठ वर करतेय, मी मागनं धरतोय, तो मान फिरवतोय, आणि पेस्ट कुठं? माझ्या चष्म्यावर! दिवस चालले होते, हिरडी तशीच लाल. शेवटी ही रडकुंडीला आली. आणि मग तिच्या डोक्यात आलं, "अहो, तुम्ही दाखवा ना त्याला करून! तुमचं बघतो तो."

आता मला सांगा, नाही कसं म्हणणार?

तर दृश्य असं. न्हाणीघराची फरशी. फरशीवर हवालदार, शेजारी मी, दोघंही भिंतीला पाठ लावून. समोर ही, दोन हातांत दोन ब्रश, एक माझा, एक त्याचा. आणि लाडात येऊन म्हणते, "दातू दाखवा, दातूऽऽ!" मी आ करायचा. ती माझ्या पुढच्या दातांवरून कोरडा ब्रश दोनदा फिरवणार, नावाला! हवालदार माझ्याकडे बघणार, आणि मग... उघडलं! उघडलं हो त्यानं! मग त्याचे मात्र एक एक दात, गोल गोल, पार मागपर्यंत! वर दोन्ही कानांमागं खाजवून, "शाब्बास! कोण गं माझं गुणाचं?" आणि मला काय? "झालं, उठा, फरशी पुसायचीय!" एवढा संसार झाला, पण 'गुणाचं' हा शब्द या घरात मी आजवर ऐकला नव्हता!

एकदा शेजारचे मास्तर आले, दार उघडंच होतं, सरळ आत. बघतात तर आम्ही दोघं शेजारी शेजारी आ करून! मास्तर आल्या पावली वळले. गेले. अजून आलेले नाहीत.

महिन्यानं गेलो दाखवायला. छाती धडधडतेय... माझी! हिनं म्हटलं, "दातू दाखवा, दातूऽऽ!" हवालदारानं आ केला. पोरीनं बॅटरी मारली, इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं... आणि म्हणाली, "अरे वा! हिरडी मस्त! दाढ वाचली की!" डोळ्यात पाणीच आलं हो माझ्या! पण बॅटरी काही विझेना. ती सरकली... आणि माझ्यावर थांबली. कारण मीसुद्धा आ करून उभा होतो! सवय!

"काका... ही डावीकडची दाढ काळी पडलीय! सूज आहे! माझ्या पेशंटची असती ना, तर मालकाला चांगलं फैलावर घेतलं असतं!"

आमच्या मालकीणबाईंचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू! "अहो, एवढं दुखत होतं, तर बोलला का नाहीत?"

म्हटलं, "हवालदार कुठं बोलला होता?"

रस्त्यात ही एकदाच म्हणाली, "मी समोरच बसत होते की हो." तोंड माझं, आणि धक्का तिला!

तिथनं थेट माणसांच्या दातांचे डॉक्टर. त्यांनी चिमटा उचलला, मी जबडा बंद केला. तिजोरी! डॉक्टर विनवतायत, "आ करा, काका. जरासा. काका!" छे! मग ही खुर्चीजवळ आली, वाकली, आणि हळूच म्हणाली, "दातू दाखवा, दातूऽऽ."

उघडलं हो! आपोआप! मला विचारलंसुद्धा नाही तोंडानं!

दाढ गेली. तोंडात कापसाचा बोळा, गाल बधिर, आणि ही, डॉक्टरांच्या देखत, माझ्या कानामागं खाजवतेय आणि म्हणतेय, "शाब्बास! कोण गं माझं गुणाचं?"

आता चारचौघांत शोभतं का हे? चिडायला नको होतं मी? पण बोलणार कसा, तोंडात बोळा...

मी आपली मान वळवली, आणि दुसरा कान पुढं केला.