निवळशंख

अकोल्याच्या कचेरीतल्या रांगेत माझ्यापुढे डोंगरातल्या आक्काबाई दोन बाटल्या घेऊन उभ्या होत्या.

“भाऊसाहेब, ठेकेदारानं फवारणीची पिंपं आमच्या तळ्यात इसळली. पानी नासलं.”

टेबलामागच्या भाऊसाहेबांनी तळ्याच्या पाण्याची बाटली उजेडात धरली. “बाई, हे तर निवळशंख आहे! पिण्यायोग्य म्हणून शिक्का मारतो. किडे त्या दुसऱ्या बाटलीत आहेत.”

“किडे न्हाईत, निवळ्या हायेत. वरच्या झऱ्यातल्या. त्या जिथं गिरक्या मारत्यात, तिथलंच पानी आमी भरतो. तळ्यात आता एक ऱ्हायली न्हाई.”

“किड्यांची साक्ष सरकारात चालत नाही.”

“मग एक निवळी सोडते तुमच्या निवळशंखात. सांजपातुर जगली, तर मारा शिक्का.”

“अहो, मागे रांग खोळंबलीय!”

माझ्यामागची बाई म्हणाली, “खोळंबू द्या. आक्के, सोड गं.”