कोंब फुटलेली माळ

सगळं मला नीट आठवतंय की नाही, शंकाच आहे. ऐंशीनंतरचं कुठलं तरी साल असावं. चामोर्शीच्या शालूबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि घरी रानातल्या बियांचे दागिने घडवायच्या. त्यांच्या भाचीचं, सुनंदाचं, लग्न बौद्ध पद्धतीचं, काळे मणी नको होते. म्हणून बाईंनी कसई या रानगवताच्या पांढऱ्या, मण्यांसारख्या बिया ओवून माळ केली.

पावसाळ्यात सुनंदा माळ न्हाणीत विसरली आणि काही मण्यांना कोंब फुटले. ती रडतच बाईंकडे आली. मी बाईंचा शेजारी, तिथेच चहा पीत होतो.

"मावशी, सासूबाई आता सोन्याचीच आणा म्हणतील!"

मागोमाग सासूच आली. तिने माळ उलटसुलट पाहिली.

"काऊन रडून राह्यली, पोरी? सोन्याले कोंब फुटते का कधी? दे, लावतो मी अंगणात."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ओवलेल्या बियांचे ते कोंब जगतील असं मला वाटेना.

बऱ्याच वर्षांनी सुनंदाच्या मुलीच्या लग्नाला गेलो. मुलीच्या गळ्यातले मणी घरच्याच कसईचे आहेत, असं सुनंदा म्हणाली. विश्वास बसेना म्हणून अंगणात गेलो. कसई कुंपणापर्यंत पसरली होती.