मखर, कटर आणि जावयाची अंगठी

“आई, पात्यावरचं झाकण मध्ये येतं हो, रेघच दिसत नाही,” असं म्हणत आमचे जावई समीरराव मुलुंडच्या आमच्या गच्चीत लाकूड कापायच्या विजेच्या कटरचं झाकण वर ओढून पूजेच्या लाल नाडाछडीने बांधायला लागले. गणपतीच्या मखरासाठी प्लायवूड कापायचं होतं.

“रेघ दिसत नसेल तर चष्मा लावा. बटण सोडलं तरी पातं फिरत राहतं.”

“सगळेच सुतार बांधतात.”

“मग त्या सगळ्यांची बोटं मोजून या. मी हे मशीन एकटीने शिकले, माझी दहाही जागेवर आहेत.”

“मला काही होत नाही, आई.”

त्यांनी दोरा सोडला, तो माझ्या पुढच्या वाक्याला: “बांधा मग, पण आधी लग्नातली अंगठी काढून माझ्या लेकीकडे द्या, म्हणजे बोट गेलं तरी सोनं घरात राहील.”