राघोबांची बाजू मोरेश्वराने मांडली

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज मागपर्यंत पोचत नाही. एक प्रश्न आहे. माणूस शिकतो, तेव्हा त्याच्यात नेमकं काय वाढतं? बोलणं वाढतं, ते दिसतंच. पुढचं मला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून आख्यान सांगतो. तुम्हीच ठरवा.

कोकणात आंबेखोल नावाचं गाव. तिथल्या देवीचे पुजारी राघोबा गुरव. त्यांचा मुलगा मोरेश्वर तालुक्याच्या कॉलेजात कला शाखेला गेला — इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान. राघोबा चारचौघांत म्हणत, एवढं शिकून ह्याला साधा फ्यूज बसवता येत नाही. हसू नका मंडळी, मलाही येत नाही.

तत्त्वज्ञान शिकवायला देवस्थळी बाई होत्या. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. आपलं मत सांगण्याआधी समोरच्याचं मत मांडायचं — असं, की तोच म्हणाला पाहिजे, होय, हेच माझं म्हणणं. आपल्या शास्त्रात ह्याला पूर्वपक्ष म्हणतात. मोरेश्वराला वर्षभर ते जमेना. दुसऱ्याचं सांगता सांगता चिमटा निघायचाच. बाई त्याला खाली बसवत. पण आधी दुसऱ्याचं मांडायची सवय हळूहळू लागली.

तिसऱ्या वर्षी गावात ठरू लागलं, की देवीची राई तोडून तिथे सभागृह बांधायचं. पुढाकार राघोबांचा! मोरेश्वर त्या झाडांखाली वाढलेला. बापलेकांचं बोलणं बंद झालं. एका घरात दोन ताटं, आणि मधे भिंत नसून भिंत.

हे ठरवायला गावाची सभा भरली, तिथे मोरेश्वर उभा राहिला. सवयीने आधी वडिलांचं मांडू लागला.

"आईच्या तेराव्याला पाऊस होता," तो म्हणाला. "लोकांच्या पानातला भात भिजला. बाबा छत्री घेऊन पंगतीत फिरत होते. ही वेळ गावात पुन्हा कुणावर येऊ नये, एवढंच त्यांना वाटतं."

मग टाळ्या! सरपंच म्हणाले, मुलगाही आपल्याच बाजूचा, आता करा हात वर. भराभर हात वर गेले. मोरेश्वर सांगतोय, माझं अजून राहिलंय — पण ऐकतो कोण? बिचाऱ्याने झाडं स्वतःच घालवली होती.

मोरेश्वराखेरीज एकच हात खाली होता. राघोबांचा. ते डोळे पुसत उठले.

"हात खाली घ्या," ते म्हणाले. "तो माझं बोलला. मला ते कधी बोलता आलं नव्हतं. मोरू, आता तुझं सांग."

मग लोकांनी ऐकलं. सभागृह झालं, मंडळी, पण राघोबांच्या स्वतःच्या पडीक जागेत, उताराखाली. देवळापासून थोडं चालावं लागतं. राई उभी आहे.

तर ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, त्याची बाजू त्याच्यासमोर मांडून बघा. त्याने मान हलवेपर्यंत स्वतःची सुरू करू नका. हे सांगायचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. धाकट्या भावाचा फोन मी दोन वर्षं उचललेला नाही. त्याला काय म्हणायचं असेल, हे तुमच्यापुढे बोलताना आत्ता कुठे थोडं कळतंय. कीर्तन आटोपलं की मीच त्याला फोन करतो. तुम्हीही घरी जा, आणि आधी ऐका.